साचा फुटलाय, असं मी म्हटलं

पोपटी रंगाचा, समोर पांढरा सातचा आकडा असलेला माउथगार्ड त्याने रुमालातून काढला, काउंटरवर ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "हा थोडा... घट्ट होतोय."

मी गार्डकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. पस्तिशीचा माणूस. अंगात निळा शर्ट, खिशाला लटकवलेलं ओळखपत्र, डोळ्यांखाली काळं. हॉकीच्या मैदानाकडे हा कधी फिरकला असेल असं काही दिसत नव्हतं.

"हा तुम्ही घालून झोपलात?"

"तीन रात्री."

"अहो, पण हा..."

"वाटलं, सवय होईल."

"आणि रंगाचं काही वाटलं नाही तुम्हाला?"

"झोपेत कोण बघतंय?" तो थोडा थांबला. "सातचं मात्र कोडं पडलं होतं. म्हटलं, त्या दिवशीचा सातवा पेशंट असेन."

मी मान खाली घातली. हसू येत होतं, आणि हसण्याचा अधिकार मला नव्हता, कारण चूक माझी होती. त्या आठवड्यात मुलींच्या हॉकी संघाचे अठरा गार्ड मी एकटीने केले होते. मऊ, रंगीत, काठी नाहीतर चेंडू लागला तर दात वाचावेत म्हणून. त्या अठरांच्या गर्दीत एकच रात्रीचा गार्ड होता. कडक, पारदर्शक, झोपेत दात खाणाऱ्या माणसासाठी. शेवटच्या दिवशी डबे भरताना पाय भरून आले होते, डोळ्यांवर झापड होती, आणि दोन डब्यांच्या नाव लिहिलेल्या झाकणांची अदलाबदल झाली.

"तुमचा गार्ड सात नंबरच्या मुलीला गेला," मी म्हणाले. "तिने काल डबा उघडला आणि लगेच परत पाठवला. म्हणाली, हा काचेचा आहे, मी हा घालून खेळणार नाही."

"हुशार आहे."

"तुमच्यापेक्षा."

बोलून गेले आणि माझे कान तापले. असं मी कुणाला बोलत नाही. खरं तर मी कुणाशी फारसं बोलतच नाही. सकाळी नऊपर्यंत माझं मौन असतं. आईने लावून दिलेला नेम आहे; ती गेली, नेम राहिला. नऊनंतर दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत दिवसभर समोर प्लास्टरचे दात. त्यांना काही सांगावं, ते ऐकतात. उलट बोलत नाहीत.

त्याला मात्र राग आला नव्हता. ओठाचा एक कोपरा जरासा वर गेला होता, एवढंच.

मी त्याचा खरा गार्ड आणला, त्याच्या दातांवर बसवला, निळा कागद मध्ये धरून चावायला सांगितलं.

"टोचतंय कुठे?"

"नाही."

"घट्ट?"

"ठीक आहे."

गार्ड काढून पाहिला तर मागच्या दाढेवर दोन गडद निळे ठिपके. मी त्याच्यासमोर धरले. "कागद म्हणतोय टोचतंय."

"कागदाला जास्त कळतं."

"तुम्ही सांगत नाही का कुणाला, काही टोचलं तर?"

त्याने खरंच विचार केला. "आमच्याकडे लोक सांगतात. आम्ही ऐकतो. ॲम्ब्युलन्सचे फोन घेतो मी. दिवसभर कानाला हेडफोन. समोरचा ओरडतो, रडतो, पत्ता विसरतो. आपण म्हणायचं, शांत व्हा, मी ऐकतोय."

"आणि झोपेत दात खायचे."

"तुम्हाला कसं माहीत?"

"तुमचे दात तुमच्याआधी येऊन गेलेत माझ्याकडे," मी म्हणाले. "सुळे घासून सपाट झालेत. डावीकडचा जास्त. त्या साच्यावर काम करताना मला रोज वाटायचं, या माणसाला एवढा कशाचा त्रास आहे..."

मी ठिपके घासायला घेतले. मशीनचा आवाज मोठा असतो, ते एक बरं असतं.

* * *

अडीच महिन्यांनी तो परत आला. गार्डला आरपार भोक पडलं होतं. मी तो उजेडात धरला. ज्या जागी भोक होतं तिथली कड घासून घासून काचेसारखी चमकत होती.

आमच्या डॉक्टरबाई आतून ओरडल्या, "कोण आहे गं?"

"गार्ड घासून आलाय एक."

"सात नंबर का?" हे नाव त्यांनीच पाडलं होतं, आणि त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत जातो. त्याने ते ऐकलं आणि मला विचारलं, "माझं नाव बदललं वाटतं?"

"फक्त आतल्या खोलीपुरतं."

"चांगलं आहे. जुन्याचा कंटाळा आला होता." मग त्याचा आवाज उतरला. "एक विचारू? पुन्हा तो चिखल भरावा लागेल का तोंडात?"

माप घेण्याच्या गुलाबी लगद्याला तो चिखल म्हणत होता. लगदा ट्रेमध्ये भरून दातांवर दाबायचा, घट्ट होईपर्यंत दोन मिनिटं धरायचा आणि मग त्या ठशात प्लास्टर ओतायचं. तो आमचा साचा. पुष्कळांना काही वाटत नाही. काहींना घशाशी येतं.

"डॉक्टरबाईंनी घेतलं तेव्हा मला फार मळमळून आलं होतं," तो म्हणाला. "श्वास कोंडतो. लहान मुलासारखं आहे, माहीत आहे मला."

त्याचा साचा माझ्या पाठीमागच्या फळीवर होता, डावीकडून चौथा. धड, कोरडा, कुठे टवकासुद्धा उडालेला नाही. त्याच्यावरून नवा गार्ड करायला मला एक तास पुरला असता. नाही, शुक्रवारी या. एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. मग तो गेला असता, शुक्रवारी डबा घेऊन पुन्हा गेला असता...

"साचा फुटलाय," मी म्हटलं.

त्याने आवंढा गिळला. "बरं," म्हणाला. आणि खुर्चीत जाऊन बसला.

डॉक्टरबाईंची मदतनीस लग्न होऊन गेल्यापासून मापं मीच घेत होते. मी लगदा कालवला. त्याचे हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळलेले.

"उजवा पाय उचला."

"पाय?"

"उचला आणि अंगठा हलवत राहा. डोकं पायात गुंतलं की घशाचा विसर पडतो."

"हे शास्त्र आहे की माझी गंमत चाललीय?"

"तोंड उघडा."

ट्रे बसला. त्याचे डोळे मोठे झाले. बूट घातलेला उजवा पाय हवेत. नाकाने श्वास घ्या, म्हणाले, आणि मग नुसतं गप्प कसं राहायचं म्हणून मी बोलायला लागले. सात नंबरच्या मुलीचं सांगितलं. ती परवा आली होती, गार्डवर वाघाचे सुळे रंगवून द्या म्हणून हटून बसली होती. कोच नाही म्हणतात, तरी ताई तुम्ही द्या. माझ्या स्टुलावर बसून पाय हलवत होती. आणि जाता जाता तिने विचारलं, ताई, तुम्ही कधी मैदानावर खेळलाच नाहीत? मग मी तिला...

घड्याळाने टण केलं. दोन मिनिटं संपली. मी ट्रे काढला, त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला. त्याने चूळ भरली, डोळे पुसले आणि पहिलंच वाक्य बोलला, "मग काय सांगितलंत तिला?"

उत्तर देऊ शकणारा माणूस समोर असला की माझा आवाज कुठे जातो, कळत नाही.

"नंतर सांगते," मी म्हणाले.

"मी लक्षात ठेवीन."

शुक्रवारी नवा गार्ड बसवताना त्याच्या दातांत निळा कागद होता, तेव्हा मी सांगून टाकलं. "मी तिला म्हटलं, मला पळता येत नाही. पण पळणाऱ्या सगळ्यांचे दात माझ्याकडे आहेत." तो कागदासकट हसला. दात निळे झाले. तसाच निळ्या दातांनी आमच्या डॉक्टरबाईंना नमस्कार करून गेला.

मग गुरुवार आले. दर गुरुवारी चारनंतर गार्ड तपासायला या, असं मी सांगितलं. नव्या गार्डला एकदा तपासावं लागतं, फार तर दोनदा. तो सात वेळा आला. कधी माझ्यासाठी प्लास्टरने फाटलेल्या हातांना लावायचं मलम घेऊन आला. "फोनवरच्या एका नर्सबाईंना विचारलं," म्हणाला. "त्या म्हणाल्या, हात दाखवायला पाठव. मी म्हटलं, हात माझे नाहीत."

"मग कुणाचे सांगितलेत?"

"सांगितलं... एकाचे."

कधी दोन शिफ्ट करून यायचा आणि बाकावर पाठ टेकून बसायचा. मीही दिवसभर उभी असायचे. दोघं काही न बोलता आपापल्या टोकाला बसून राहायचो, बाहेर पाऊस पडत असायचा, फळीवरचे साचे वाळायचं नाव घेत नसायचे.

डॉक्टरबाई एकदा म्हणाल्या, "माझ्या तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये एवढा नीट तपासलेला गार्ड मी पाहिला नाही."

मी झाडू घेतला आणि झाडलेली खोली पुन्हा झाडली.

* * *

दुसऱ्या वेळी भोक आणखी लवकर पडलं. त्याच्या ऑफिसातली दोन माणसं सोडून गेली होती, त्यांचे फोनही याच्याकडे आले होते.

"साचा आहे ना या वेळी?"

फळीवर आता त्याचे दोन साचे होते, शेजारी शेजारी.

"दात हलतात," मी म्हटलं. "जुना साचा चालत नाही."

खोटं एकदा बोलल्यावर दुसऱ्यांदा किती सहज बोलता येतं, याचीच मला भीती वाटली. पण बोलले.

"मग चला," तो म्हणाला. "सात नंबरचं पुढचं ऐकायला मिळेल." आणि स्वतःहून उजवा पाय उचलून बसला.

त्या दिवशी त्याने सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं, नुसता कॉफीवर होता. लगदा जरा पातळ झाला होता. मी बोलायला सुरुवात केली आणि अर्ध्या मिनिटात त्याचं अंग ताठरलं. लगदा घशाकडे सरकला. मी ट्रे ओढून काढला. तो बेसिनवर वाकला, आणि आला तो उमासा थांबेचना. शर्टावर गुलाबी ओघळ, डोळ्यांतून पाणी, मान थरथरत होती. मी पाठीवर हात ठेवला. शर्टातून त्याचं अंग गरम लागत होतं.

दोन मिनिटांनी त्याने तोंड पुसलं. "सॉरी," म्हणाला. "तुमचं माप बिघडवलं."

मी त्याच्यापुढे पाण्याचा पेला धरला.

"पुन्हा घ्या. तुमचाही वेळ जातोय." आणि त्याने डोळे मिटून तोंड उघडलं.

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी लगदा कालवला. या वेळी घट्ट. आणि पुन्हा माप घेतलं.

संध्याकाळी देवासमोर बसले. रोज दिवा लावल्यावर मी दिवसभराचं आठवते, आज आपल्यामुळे कुणाला त्रास झाला का, ते. बहुधा काही नसतं. असलं तर कुणाला कडक बोलले, भाजी घेताना घासाघीस जास्त केली, असलं काहीतरी. त्या दिवशी डोळे मिटले तर समोर उघडं तोंड आलं, विश्वासाने उघडलेलं. मी उठले.

स्वयंपाकघरात वहिनी कढई घासत होती. तीही दिवसभर शिवणाच्या कारखान्यात असते. आम्ही दोघी संध्याकाळी एकमेकींशी बोलतो त्या पाठमोऱ्याच.

"एवढ्यात झालं बसून?"

"बसवलं नाही."

"तोंड का असं? प्लास्टर थापल्यासारखं?"

मी सगळं सांगितलं. ताटं पुसत सांगितलं, म्हणजे तिच्याकडे बघावं लागलं नाही. तिचा हात थांबला.

"म्हणजे माणूस पंधरा मिनिटं बघायला मिळावा म्हणून तू त्याला ओकायला लावलंस?"

मी पुसलेलंच ताट पुन्हा पुसलं.

"अगं, लोक चहाला बोलावतात."

मला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही आलं. वहिनीने ओल्याच हाताने माझ्या पाठीवर थापटलं. "आता काय करायचं ठरवलंयस?"

"सांगणार."

"सांगितलंस तर पुन्हा येणार नाही तो."

"माहीत आहे."

"न सांगता लग्नं टिकलीत लोकांची."

"मला देवापुढे बसता येत नाहीये, वहिनी."

तिने कढई पालथी घातली. "मग सांग. पण जेवून जा त्या दिवशी. उपाशीपोटी कबुली दिली की नुसतं रडू येतं, बोलणं होत नाही."

* * *

शुक्रवारी मी जेवून गेले. तो आला तेव्हा टेबलावर गार्डचा डबा ठेवला नव्हता. त्याचे तीन साचे ठेवले होते.

त्याने ते पाहिले. एक उचलला, दुसरा उचलला. "हे सगळे माझे?"

"हो."

"फुटला होता ना एक?"

"नव्हता फुटला. तिसऱ्याचीही गरज नव्हती." ठरवलं होतं तसं एका श्वासात सांगितलं. "तुम्ही थोडा वेळ बसावं म्हणून मी खोटं बोलले. दोनदा."

तो उभाच होता. बाहेर कुणीतरी घंटा वाजवली, डॉक्टरबाई दार उघडायला गेल्या. त्याने साचा खाली ठेवला, अगदी हळू, आवाज होऊ न देता.

"मला त्याचा किती त्रास होतो, तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"तरी?"

"तरी."

"एक विचारतो. परवा मी बेसिनवर होतो तेव्हा तुम्ही पाठीवर हात ठेवलात. तो तरी..."

"तो खरा होता."

"बघा ना," तो म्हणाला, "आता मला कळायला काही मार्ग नाही."

रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. पण त्याचा आवाज फोनवरच्यासारखा होता, शांत, जपून धरलेला. गार्ड न घेताच तो गेला.

मग मी डॉक्टरबाईंनाही सांगितलं. एकाला सांगून दुसऱ्यापासून लपवणं मला जमलं नसतं. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले.

"तुला काढून टाकायला पाहिजे मी."

"हो."

"हो काय हो? मग गार्ड कोण करणार, मी?" चष्मा पुन्हा नाकावर चढवला. "महिनाभर पेशंटला हात लावायचा नाही. मागच्या खोलीतून बाहेर यायचं नाही. आणि माझ्या खुर्चीत असलं पुन्हा झालं तर बघ."

एक गुरुवार गेला. चार वाजले, सव्वाचार झाले. मी साचे घासत राहिले. डबा शेल्फवर तसाच. शनिवारी डॉक्टरबाईंनी तो माझ्यासमोर आपटला. "नेऊन दे. तो तुझ्यावर रागावलाय म्हणून त्याचे दात घासायचे थांबणार नाहीत. एखादी दाढ दुभंगली तर ते माझ्या माथी."

"कुरिअरने..."

"चालत जा. पाच वाजता परत ये."

* * *

ॲम्ब्युलन्सचं ऑफिस एका बैठ्या इमारतीत होतं. मागच्या अंगणात दोन गाड्या धुवायला लावल्या होत्या, साबणाचं पाणी गटाराकडे वाहत होतं. पत्र्याच्या आडोशाला एक लाकडी बाक. चार वाजता दिवसपाळी सुटली. तो बाहेर आला तेव्हा मला आधी ओळखू आला नाही. इतका उतरला होता. कानांवर हेडफोनचे वळ.

"गार्ड आणलाय," मी उठून म्हणाले. "डॉक्टरबाईंनी..."

"ठेवा."

मी डबा बाकावर ठेवला. तो त्याच्या पलीकडे बसला. मग मीही बसले.

"मी दुसरीकडे जाऊन आलो," तो म्हणाला. "त्या मोठ्या दवाखान्यात. तिथे पेनासारखा कॅमेरा असतो. दातांवरून फिरवतात. दीड मिनिट. चिखल नाही, काही नाही."

"बरं झालं." ते मनापासून म्हणाले, आणि तेवढंच आत काहीतरी खचलं. "बसलाय नीट?"

"एकदम."

आता मी उठायला हवं होतं. काम झालं होतं. माझ्या गार्डची त्याला गरजच नव्हती. मी पदर सावरला.

"त्या मुलीने कॅमेरा फिरवला आणि म्हणाली, हलू नका. बस. मी वाट बघत होतो."

"कशाची?"

"कुणीतरी काहीतरी सांगेल म्हणून."

अंगणातल्या माणसाने पाण्याचा पाइप बंद केला. एकदम शांत झालं.

"आम्हाला दिवसाला वीस-पंचवीस खोटे फोन येतात," तो म्हणाला. "पोरं गंमत करतात ते वेगळे. पण एक आजी आहेत. रोज छातीत दुखतं म्हणतात. पहिल्या चार वेळा गाडी गेली. त्यांना काही झालेलं नव्हतं. आता त्यांनाही माहीत आहे, मलाही. तरी मी विचारतो. कुठे दुखतं. केव्हापासून. घरात कोण आहे. त्यांनी त्या तिसऱ्या प्रश्नासाठी फोन केलेला असतो."

"आणि तुम्ही रागावत नाही?"

"रागावतो ना. तेवढ्या वेळात खरा फोन ताटकळत असतो. खोटा फोन म्हणून नोंद करायची असते, ती मी करतो. पण एखाद्या दिवशी त्यांचा फोन आला नाही की..." त्याने हेडफोनच्या वळांवरून बोट फिरवलं. "तुमच्यावर मी आठ दिवस रागावलोय. अजून आहे. ते सांगून ठेवतो."

"असावंच."

"आणि आठही दिवस तुमची वाट बघतोय. दोन्ही एकदम कसं चालतं, मला विचारू नका."

मी डब्याकडे बघत होते. डबा आमच्या दोघांच्या मध्ये होता. त्याने तो उचलून पलीकडे ठेवला.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "पण यापुढे काही सांगायचं असेल तर माझं तोंड रिकामं असताना सांगा. मी मध्ये बोलेन. पटलं नाही तर नाही म्हणेन. चालेल?"

"मला जमत नाही तसं."

"आत्ता जमतंय की."

"मी... खरंच सांगते, मला समोरचा बोलायला लागला की भीती वाटते. तो काय म्हणेल याची."

"काय म्हणेन असं वाटतं?"

"नाही म्हणाल."

"कशाला?"

मी बराच वेळ शब्द शोधले. तो थांबला, थांबण्याची त्याला सवय आहे. शेवटी मी विचारलं, "तुमच्या घरात कोण आहे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. एवढ्या दिवसांत तो पहिल्यांदा असा सरळ, पुरता माझ्याकडे पाहत होता. मग तळहाताने तोंड पुसलं.

"कुणी नाही," म्हणाला. "बहीण आहे, ती लांब असते. वडील होते, दोन वर्षं झाली. त्यांना घ्यायला गाडी मीच पाठवली होती. फोन शेजाऱ्यांनी केला आणि मलाच लागला... गाडी वेळेत पोहोचली होती. उशीर झाला नव्हता. हे मी लोकांना सांगतो, कारण सगळे तेच विचारतात."

"मी नाही विचारणार."

"माहीत आहे."

मी हात पुढे केला. त्याने तो धरला नाही. आपला हात खाली पालथा ठेवला, माझ्या हाताखाली. माझा हात त्याला तसा वर हवा होता, बेसिनपाशी पाठीवर ठेवला होता तसा.

"रविवारी घरी याल?" मी म्हणाले. "वहिनी म्हणते, लोक चहाला बोलावतात."

"वहिनींना सगळं माहीत आहे?"

"सगळं."

"ओकलेलंसुद्धा?"

"ते आधी."

"मग येतो. आता लपवायला राहिलं काय?"

मग मी बोलत गेले. आईचं सांगितलं, तिच्या नेमाचं. सकाळी माझ्या मौनात वहिनी मुद्दाम मला प्रश्न विचारते आणि मी हातवारे करते, ते सांगितलं. तो मध्ये म्हणाला, "हे मौन नाही, हे नाटक आहे," आणि मी म्हणाले, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं," आणि आम्ही त्यावर चक्क वाद घातला. मग उभं राहून राहून माझ्या टाचा दुखतात, ते सांगितलं. त्यावर तो काही बोलला नाही. पुढच्यावरही काही बोलला नाही. मी वळून पाहिलं.

तो झोपला होता. पाठ भिंतीला, मान जरा कलती, हात माझ्या हाताखाली. पाच वाजत आले होते. पर्समध्ये डॉक्टरबाईंचा फोन थरथरायला लागला, मी दुसऱ्या हाताने चाचपून तो बंद केला. बोलायची थांबले नाही, फक्त आवाज कमी केला, कारण एकदम शांत झालं तर माणूस दचकून जागा होतो.

त्याचा जबडा सैल पडला होता. ओठ थोडे उघडे. वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकत नव्हते. मध्ये तांदळाच्या दाण्याएवढी फट होती. मोजलं नाही मी. पण एवढं मला नजरेने कळतं.